एकच दूध संकलन केंद्र, सात भाषा: ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा स्वतःसाठी कशी निवडावी

सकाळी सहाला दादाचा फोन आला. "आगं, तीन-आठ फॅटला तुझा प्रोग्रॅम तीन पॉइंट धरंना झालाय. दोनच धरतोय. माणसं बोलाय लागल्यात."

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात वडिलांचं दूध संकलन केंद्र होतं, आता ते दादा चालवतो. लहानपणी संध्याकाळच्या पाळीला वहीत लिटर आणि फॅट लिहायचं काम माझ्याकडे असायचं. पुढे पुण्यात नोकरी लागली आणि त्या वहीचा प्रोग्रॅम मी जावात लिहून दिला. दोन आठवडे तो नीट चालला, मग हा फोन आला. लिटरमागे तीस पैसे म्हणजे किरकोळ वाटेल, पण सकाळ-संध्याकाळ दहा लिटर घालणाऱ्याच्या दहा दिवसांच्या बिलात ते दिसतात, आणि केंद्रावर एकदा विश्वास गेला की माणूस कॅन उचलून दुसऱ्या केंद्रावर जातो.

ती चूक का झाली ते खाली सांगते. पण त्या फोननंतर मी एक सवय लावून घेतली, ती आज पंधराहून अधिक वर्षं टिकून आहे. नवी प्रोग्रॅमिंग भाषा समोर आली की तिची माहिती वाचत बसण्याआधी मी तिच्यात हे दूध केंद्र लिहून बघते. आतापर्यंत सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, पायथन, रुबी, कॉटलिन आणि स्मॉलटॉक अशा सात भाषांत ते लिहून झालं आहे. "जावा शिकू की पायथन?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हीच रीत सांगते. इथे ती सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशोब निवडा

तुम्हाला तोंडपाठ असलेला एखादा व्यवहार घ्या. भिशी चालेल, गणपती मंडळाची वर्गणी चालेल, मेसचे डबे चालतील, सोसायटीचा मेंटेनन्स चालेल. पुस्तकातलं उदाहरण मात्र घेऊ नका. २००३ साली आम्ही कॉलेजात टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या स्क्रीनवर ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकलो, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकाच 'ऑब्जेक्ट'मध्ये बांधून प्रोग्रॅम लिहायची रीत. तो कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा आणि भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं १९९८ मध्ये. म्हणजे आम्ही शिकत होतो ती प्रमाणाच्या आधीची भाषा होती, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उदाहरणं ठरलेली: आकार-वर्तुळ-चौकोन, प्राणी-कुत्रा-मांजर. त्यातून इनहेरिटन्सची, म्हणजे एका प्रकाराने दुसऱ्याचे गुण घेण्याची, व्याख्या पाठ होते, पण भाषांमधला फरक कळत नाही, कारण वर्तुळाचं क्षेत्रफळ कधी बदलत नाही आणि कुत्र्याच्या भुंकण्यावरून कुणी सकाळी सहाला फोन करत नाही.

हिशोबात चार गोष्टी हव्यातच. एकाच नावाखाली येणारे पण वेगळे वागणारे दोन-तीन प्रकार. अपूर्णांकातले पैसे. कधीतरी न मिळणारी एखादी माहिती. आणि बाहेरच्या कुणाच्या तरी निर्णयाने बदलणारा एखादा नियम. या चौथ्या गोष्टीत सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

माझा हिशोब असा. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ही पायरी, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.०. पायरीला मूळ दर. समजा गायीला ३४ रुपये. फॅट ०.१ ने वाढली की एक पॉइंट, पॉइंटला ३० पैसे वाढ. कमी झाली तर कपात. म्हणजे ४.० फॅटचं ६.२ लिटर दूध आलं, तर पाच पॉइंटांचे दीड रुपये धरून दर ३५.५० आणि रक्कम २२०.१० रुपये. दहा दिवसांनी बेरीज करायची, त्यातून सरकी पेंड आणि उचल वजा करायची, आणि पावती छापायची. मशीन बंद असेल त्या दिवशी एसएनएफ नोंदवलं जात नाही. बस, एवढंच.

कागदावर, आपल्या भाषेत

संगणक उघडण्याआधी हा हिशोब एका पानावर लिहा. त्यात जी नामं येतील त्यांच्याखाली रेघ मारा: सभासद, नोंद, दूध, दरपत्रक, बिल, कपात. मग प्रत्येक नामासमोर लिहा की त्याला काय माहीत असतं आणि ते काय करतं. सभासदाला आपला नंबर माहीत असतो. बिलाला बेरीज करता येते.

ही पायरी बरेच जण गाळतात, म्हणून थोडं थांबून सांगते. ऑब्जेक्ट ही कल्पना प्रोग्रॅम नीटनेटका दिसावा म्हणून निघालेली नाही. १९६० च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना खऱ्या जगातल्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवून बघायची होती. त्यासाठी त्यांनी सिम्युला ही भाषा बनवली, आणि १९६७ च्या सिम्युलामध्ये क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा), त्याचा उपक्लास (त्याच साच्यावरून केलेला खास साचा) आणि व्हर्च्युअल प्रोसिजर (उपक्लासला बदलता येणारं काम) या तिन्ही गोष्टी आल्या. म्हणजे आधी समोरचा व्यवहार आणि मग त्याच्यासाठी भाषा, असा हा क्रम पहिल्यापासून आहे. तुमच्या कागदावरची नामं ज्या भाषेत कमीत कमी मोडतोड होऊन उतरतात, ती भाषा तुमच्या मनाजवळची, हा पहिला अंदाज तिथेच येतो.

या कागदावर माझ्याकडून पहिल्या वेळी एक चूक झाली. गायीचं दूध आणि म्हशीचं दूध असे दोन उपक्लास मी निःशंकपणे काढले. तेव्हा ते इतकं उघड वाटलं की मी त्यावर विचारच केला नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

एका भाषेला एक संध्याकाळ

आता लिहायला बसा. भाषा पूर्ण शिकायची नाही, या हिशोबापुरतीच शिकायची. शेजारी वही ठेवा आणि हात जिथे जिथे थांबला ते लगेच टिपा. दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. मी कुठे थांबले ते सांगते, म्हणजे काय टिपायचं याचा अंदाज येईल.

पहिली जागा दादाच्या फोनची. ३.८ मधून ३.५ वजा केले की ०.३ यायला हवेत. संगणक हे आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो आणि ३.८ बायनरीत नेमका बसत नाही, त्यामुळे उत्तर येतं ०.२९९९९९९९९९९९९९९८. त्याला ०.१ ने भागून पूर्णांक काढला की तीनच्या जागी दोन. गंमत म्हणजे ४.० ला हे होत नाही, तिथे बरोबर पाच येतात. म्हणून माझ्या चाचणीत चूक दिसली नव्हती. सातही भाषांत साधा दशांश आकडा लिहिला तर हेच होतं, तेव्हा दोष भाषेचा नाही. फरक आहे तो बरोबर आकड्यापर्यंत पोचायला किती लांब जावं लागतं यात.

जावात त्यासाठी बिगडेसिमल आहे, पण त्याला ३.८ हा आकडा म्हणून दिला तर तो ३.७९९९९९९९९९९९९९९८२... असाच ठेवतो. अवतरणचिन्हात मजकूर म्हणून द्यावा लागतो. वजाबाकीचं चिन्ह चालत नाही, 'सबट्रॅक्ट' असं लिहावं लागतं. शिवाय २.० आणि २.०० हे त्याच्या 'इक्वल्स'ला वेगळे वाटतात. कॉटलिन जावाचंच बिगडेसिमल वापरते, पण तिथे नेहमीची चिन्हं चालतात, त्यामुळे सूत्र सूत्रासारखं दिसतं; २.० आणि २.०० चा घोळ मात्र तिथेही राहतो. सी शार्पमध्ये डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे, आकड्यामागे एक अक्षर लावलं की झालं. पैशांचा हिशोब करणाऱ्यांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. पायथनमध्ये डेसिमलचं मॉड्यूल आणावं लागतं आणि आकडा तिथेही मजकूर म्हणूनच द्यावा लागतो. सी प्लस प्लसच्या प्रमाण लायब्ररीत (भाषेबरोबर येणाऱ्या तयार कोडमध्ये) असं काही नाही. तिथे मी सगळं पैशांच्या पूर्णांकात ठेवलं, आणि खरं सांगायचं तर तो सगळ्यात सरळ उपाय निघाला. रुबीत आकड्यामागे 'आर' लावला की ३.८ हा १९/५ होऊन बसतो, अगदी नेमका. स्मॉलटॉकमध्ये तर ३८ भागिले १० लिहिलं की ती स्वतःहून १९/५ हा अपूर्णांक ठेवते. चौथीत शिकलेलं गणित संगणकावर जसंच्या तसं दिसलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

त्याच स्मॉलटॉकने मला लगेच दुसरीकडे अडवलं. पावतीवर दर आला ११.७०. स्मॉलटॉकमध्ये सगळं काही संदेश पाठवणं आहे. अधिक आणि गुणिले हेसुद्धा आकड्याला पाठवलेले संदेश, आणि ते डावीकडून उजवीकडे क्रमाने जातात. त्यामुळे ३४ + ५ * ०.३० याचा अर्थ आधी ३९, मग त्याच्या ०.३० पट. कंस घातला की ३५.५०. भाषा कल्पनेला किती प्रामाणिक राहते आणि त्याची किंमत आपण कुठे मोजतो, हे मला या एका पावतीने शिकवलं. अॅलन के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात ही भाषा घडवली. आज तिची फारो ही आवृत्ती मोफत मिळते. ती रोजच्या कामासाठी घ्या असं मी म्हणणार नाही, पण एक संध्याकाळ तिला द्याच. प्रोग्रॅम चालू असताना अडला, तर डीबगरमध्येच (चुका शोधायच्या खिडकीत) राहिलेली मेथड, म्हणजे ऑब्जेक्टने करायचं काम, लिहायची आणि तिथूनच पुढे चालू करायचं. हा अनुभव घेतल्यावर बाकीच्या भाषांकडे बघायची नजर बदलते.

दुसरी जागा गाय आणि म्हैस. सी प्लस प्लसमध्ये मी 'दूध' या मूळ क्लासमध्ये दर काढणारी मेथड लिहिली, म्हशीच्या क्लासमध्ये तिचं वेगळं रूप लिहिलं, आणि मूळ मेथडपुढे व्हर्च्युअल लिहायला विसरले. प्रोग्रॅम कंपाइल झाला, चालला, पावती छापली. पण मूळ क्लासच्या रेफरन्समधून (म्हणजे त्या वस्तूला नुसतं 'दूध' म्हणून) बोलावल्यावर म्हशीच्या दुधालाही मूळ क्लासमधलं गायीचंच सूत्र लागलं. म्हशीला ६.० ला ५० रुपये आणि पॉइंटला ५० पैसे धरले, तर ७.० फॅटला ५५ रुपये व्हायला हवेत, आले ४४.५०. नेहमीच्या सेटिंगमध्ये कंपायलर यावर एक शब्द बोलत नाही. व्हर्च्युअल लिहिलं, तरी दुधाच्या वस्तू थेट व्हेक्टरमध्ये, म्हणजे यादीत, ठेवल्या की म्हशीचा भाग कापला जातो आणि नुसतं 'दूध' उरतं. ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत या भाषेचं काम सुरू केलं तेव्हापासूनचं धोरण असं की जे वापरत नाही त्याचा भार प्रोग्रॅमवर पडू नये, आणि व्हर्च्युअल कॉलला थोडा भार असतोच. त्यांची बाजू मला पटते. दूध केंद्रासाठी ती माझ्या उपयोगाची नाही.

जावात याच्या उलट: मेथड बदलता येणं हेच गृहीत, नको असेल तर 'फायनल' लिहा. सी शार्पमध्ये मूळ मेथडवर व्हर्च्युअल आणि बदललेल्या मेथडवर ओव्हरराइड असे दोन्ही शब्द हवेत; विसरलात तर कंपायलर इशारा देतो. कॉटलिन आणखी कडक आहे. क्लासपुढे 'ओपन' लिहिल्याशिवाय त्याचा उपक्लासच होत नाही. पहिल्या संध्याकाळी हे जाचक वाटतं. पण हा एक शब्द लिहिताना हात थांबतो, आणि 'याचा उपक्लास खरंच हवा आहे का?' हा प्रश्न मनात येतो. माझ्या कागदावर तो प्रश्न आलाच नव्हता.

तिसरी जागा न मिळालेलं एसएनएफ. जावात ती जागा रिकामी (नल) ठेवली आणि नल पॉइंटर एक्सेप्शन आलं, म्हणजे रिकाम्या जागेवर प्रोग्रॅम अडला, तेही नोंद करताना नाही तर दहाव्या दिवशी बिल काढताना. पायथन आणि रुबीतही चूक तशीच उशिरा, चालता चालता कळते. नलची ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी आणली आणि २००९ मध्ये तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिनमध्ये 'हा आकडा नसूही शकतो' हे प्रकाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावून सांगावं लागतं, आणि मग तो तपासल्याशिवाय बेरजेत घेऊच देत नाही. सी शार्पमध्येही २०१९ च्या आठव्या आवृत्तीपासून रेफरन्ससाठी अशी सोय आहे, इशाऱ्याच्या रूपात. मशीन बंद असेल तर काय करायचं हे मला दादाला विचारावं लागलं. तो म्हणाला, "कालचंच धरायचं की." हा नियम वडिलांच्या वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. कॉटलिनने अडवलं नसतं तर मी विचारलाही नसता.

पायथनबद्दल दोन गोष्टी. एक, सभासदाच्या क्लासमध्ये नोंदींसाठी रिकामी यादी डिफॉल्ट म्हणून दिली तर ती यादी एकदाच तयार होते आणि सगळ्यांना तीच मिळते. माझ्याकडे १२ नंबरचं दूध १३ नंबरच्या बिलात दिसलं. दोन, पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून मी हौसेने सगळं मराठीत लिहिलं. एका ठिकाणी लिटर, दुसऱ्या ठिकाणी लीटर. पायथनने निमूटपणे दोन वेगळ्या जागा तयार केल्या. क्लासला स्लॉट्स (चालणाऱ्या नावांची ठरलेली यादी) लावले की हे थांबतं, आणि डेटाक्लास (माहिती ठेवण्यासाठीचा सोपा क्लास) वापरत असाल तर ३.१० पासून ते एका शब्दाचं काम आहे. मराठी नावं जावातही चालतात. रुबीत मेथडला मराठी नाव देता येतं, पण क्लासचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. म्हणून 'दूध' नावाचा क्लास रुबीत होत नाही. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण त्याच रुबीत आकड्यांच्या क्लासमध्ये 'पैसे' नावाची मेथड घालून मी ३०.पैसे असं लिहू शकले होते. वाचायला इतकं गोड काही मी दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिलेलं नाही.

मग हिशोब बदला

बहुतेक जण पहिली आवृत्ती लिहून झाली की मत बनवतात. तिथे थांबू नका. पहिल्या आवृत्तीला सगळ्याच भाषा बऱ्या दिसतात. आठवडाभर कोडकडे बघू नका, आणि मग एकेक करून तीन बदल करा.

पहिला बदल: नवा प्रकार आणा. माझ्याकडे शेळीचं दूध. ऑब्जेक्टच्या पद्धतीने लिहिलं असेल तर एक नवा क्लास घातला की झालं, जुन्या कोडला हात लागत नाही. दुसरा बदल: प्रत्येक प्रकाराने करायचं नवं काम आणा. माझ्याकडे दूध संघाला पाठवायची यादी, जिच्यात प्रत्येक दुधाचं वर्णन वेगळ्या रीतीने जातं. आता प्रत्येक क्लास उघडून त्यात एकेक मेथड घालावी लागते, आणि एखादा राहून जाऊ शकतो. प्रकार वाढवणं सोपं तर काम वाढवणं अवघड, आणि स्विच (प्रकार बघून वेगळी वाट घेणारं एकाच जागचं कोड) लिहून केलं तर बरोबर याच्या उलट. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या पेचाला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं. तुमच्या व्यवहारात यातलं जास्त वेळा काय वाढतं, ते कागदावर लिहा. दूध केंद्रात प्रकार वर्षानुवर्षं तेच राहतात, पावत्या आणि याद्या मात्र सतत वाढतात. म्हणून मला सील्ड क्लास आवडतात: प्रकार किती ते आधीच जाहीर करायचं, आणि स्विचमध्ये एखादा राहिला तर कंपायलर दाखवतो. कॉटलिनमध्ये हे आधीपासून होतं. जावात सील्ड क्लास २०२१ च्या सतराव्या आवृत्तीत पक्के झाले आणि त्यांच्यावर चालणारा स्विच २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीत. दहा वर्षांपूर्वीच्या जावावरून मत बनवलं असेल तर ते मत एकदा पुन्हा तपासा.

तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरून येणारा नियम बदला, आणि तो तुम्हाला गैरसोयीचा होईल असा बदला. दादाने आणखी एका ठिकाणी दूध घालायला सुरुवात केली. दूध तेच, गाय तीच, पण दरपत्रक वेगळं. माझा गायीच्या दुधाचा क्लास तिथे अडकला, कारण दर त्याच्या पोटात होता. आता काय, 'पहिल्या संघाचं गायीचं दूध' आणि 'दुसऱ्या संघाचं गायीचं दूध' असे आणखी उपक्लास करायचे? दोन प्रकार गुणिले दोन संघ म्हणजे चार, उद्या तिसरा आला की सहा.

त्या दिवशी मला कळलं की गायीच्या आणि म्हशीच्या दुधात माझ्या हिशोबापुरता फरक दुधाचा नव्हताच, दरपत्रकाचा होता. दूध म्हणजे नुसती नोंद: प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ. दर काढणं हे दरपत्रकाचं काम, आणि नोंदीला दरपत्रक बाहेरून द्यायचं. उपक्लासचं अख्खं झाड उपटून टाकलं.

आता हे झाड उपटायला कुठल्या भाषेत किती कष्ट पडले, ही खरी तुलना. रुबीत अर्धा तास. दरपत्रक म्हणजे ब्लॉक, कोडचा हातात देता येणारा तुकडा, दिला की चालला. पण कुठे विसरले का ते चालवून बघितल्याशिवाय कळेना. पायथनमध्येही तसंच. जावात दरपत्रकाचा इंटरफेस (काय करता यायला हवं याचा नुसता करार) केला, आणि २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) असल्यामुळे प्रत्येक दरपत्रकाला वेगळा क्लास लागला नाही. कंपायलरने एकेक जागा दाखवली आणि मी ती दुरुस्त करत गेले. कॉटलिनमध्ये तेच, कमी लिखाणात. सी शार्पमध्ये डेलिगेट (फंक्शन दुसऱ्याच्या हातात द्यायची सोय) वापरून जवळपास तितकंच सुखाचं. सी प्लस प्लसमध्ये दरपत्रकाची मालकी कुणाची, नोंदीची की केंद्राची, हे ठरवण्यात संध्याकाळ गेली. स्मॉलटॉकमध्ये प्रोग्रॅम चालूच होता. मी एका चालू नोंदीचा इन्स्पेक्टर (आतलं दाखवणारी खिडकी) उघडला, तिच्यात दरपत्रक ठेवलं, आणि पुढची पावती नव्या दराने आली.

पसंती कशी ठरवायची

वहीत आता बरीच टिपणं असतील. ओळी मोजू नका. वेग मोजू नका. दिवसाला तीनशे नोंदींच्या हिशोबाला सातही भाषा पुरून उरतात. प्रत्येक चुकीपुढे एवढंच लिहा की ती तुम्हाला कधी कळली: टाइप करताना, कंपाइल करताना, चालवताना, की दुसऱ्याच्या फोनवरून. मग स्वतःला विचारा, माझ्या कामात कुठली वेळ मला परवडते.

मला फोन परवडत नाही. दूध सकाळी सहाला येतं, मी दोनशे किलोमीटरवर असते, आणि रांगेत उभ्या माणसाला कंपायलर समजावून सांगता येत नाही. म्हणून माझी पसंती कॉटलिन. 'ओपन' आणि प्रश्नचिन्ह हे तिचे दोन जाच माझ्या गरजेला बरोबर लागू पडतात, आणि जावाच्या सगळ्या लायब्ररी हाताशी राहतात. ती जेटब्रेन्स कंपनीची; पहिली पक्की आवृत्ती २०१६ ची. दादाकडे २०१८ पासून तिच्यातलाच प्रोग्रॅम चालतो.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा सहकारी याच रीतीने पायथनवर आला. तो मंडळाच्या वर्गणीचा हिशोब लिहितो, दहा दिवस वापरतो आणि पुढच्या वर्षी नव्याने लिहितो. त्याच्या वहीत कॉटलिनपुढे 'उगाच अडवते' असं लिहिलं आहे, आणि त्याच्या व्यवहारात ते खरं आहे. नोकरीसाठी शिकत असाल तर निवड बरीचशी बाजारच करतो. तिथे जावा, सी शार्प किंवा पायथन यांपैकी जे समोर येईल ते मनापासून घ्या, आणि आपली वही शेजारी ठेवा. रुबी मी आजही रविवारी उघडते, काही कामाचं लिहायचं नसलं तरी.

सातही भाषा लिहायची गरज नाही. दोन पुरतात, फक्त त्या एकमेकींसारख्या नसाव्यात: एक कंपाइल करताना तपासणारी, एक चालता चालता तपासणारी. जावा आणि सी शार्प अशी जोडी घेतलीत तर कष्टाच्या मानाने हाती फार कमी लागेल. दोन संध्याकाळी पहिल्या आवृत्त्यांना, मधे आठवडाभर सुट्टी, मग तीन बदलांना तीन संध्याकाळी. आज रात्रीच बसणार असाल तर इन्स्टॉल झाल्याबरोबर आधी ३.८ मधून ३.५ वजा करा, ०.१ ने भागा, आणि किती पॉइंट येतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.